सेटवर ‘लोकल’ म्हणून जे वागवतात, ते चालायचंच का?

प्रश्न असा आलाय. कोरेगाव तालुक्यातली चोवीस वर्षांची मुलगी. साताऱ्याजवळच्या एका वाड्यात रोजच्या मालिकेचं शूटिंग चालतं, तिथे ती कॉस्च्युम असिस्टंट आहे. त्याच कामाचे मुंबईहून आलेल्या असिस्टंटला तिच्या दुप्पट पैसे मिळतात, हिचं चार महिन्यांचं पेमेंट अडकलंय. जेवणाची रांग वेगळी, बायकांना धड बाथरूम नाही. बोलण्याची नक्कल होते, आल्या आल्या आडनाव विचारून झालं. आणि ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, रात्री एक-दीडला मेसेज करतो. ती विचारते, ‘सगळे म्हणतात इंडस्ट्री अशीच असते. तक्रार केली तर काम जाईल का? आणि घरी कळलं तर मग कामच बंद.’

मी साताऱ्याचीच. वाई, मेणवली, धोम, पाचगणी या पट्ट्यात बाहेरून येणाऱ्या युनिटची सगळी व्यवस्था लावते. लोकेशन, गाड्या, जेवण, गर्दी, परवानग्या. लाइन प्रोड्युसर म्हणतात आम्हाला. म्हणजे मी पैसे वाचवणाऱ्यांच्या बाजूची आहे, हे लक्षात ठेवून वाच.

तू बऱ्याच गोष्टी एका दमात लिहिल्यास. त्यातल्या काही गुन्हा आहेत, काही नुसता हलकटपणा आहे, आणि एखादी निव्वळ हिशेबाची आहे. सगळ्याचं एकच गाठोडं करून कुणापुढे ठेवलंस तर समोरचा त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट उचलतो, ‘बरं, उद्यापासून जेवण एकत्र’ म्हणतो आणि विषय मिटवतो. म्हणून वेगवेगळं धर.

मेसेजचं आधी, कारण तिथे मुदत आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते. प्रकार एकापेक्षा जास्त वेळा झाला असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नकोस.

त्याने लिहिलेलं तू दिलंयस: आधी ‘झोपलीस का’, मग ‘एकटीच आहेस का’, आणि तू गप्प राहिलीस तेव्हा ‘उद्या तुझा कॉल लावू की नको, तूच सांग’. पहिली दोन वाक्यं तो हसून उडवून लावेल. तिसरं त्याला उडवता येणार नाही. कामाचं आमिष किंवा काम काढून घेण्याची धमकी, उघड असो की आडून, अशा वागण्याला जोडून आली की ती कायद्याच्या व्याख्येतच बसते. तो ईपी आहे, उद्याचा कॉल, म्हणजे कामाचं बोलावणं, कुणाला लागणार हे त्याच्याच हातात आहे आणि त्यानेच ते लिहून दिलंय. इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

आता तू एक कर. त्याला एकदाच, लेखी, कामाच्या भाषेत कळव: ‘सर, कामाव्यतिरिक्त मला मेसेज करू नका.’ पुढे हसरा चेहरा नको, सॉरी नको. हे न करताही तक्रार देता येते. पण स्पष्ट नकारानंतरही तो मागे लागला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78, म्हणजे पाठलाग करणं, लागू होऊ शकतं. त्यात फोनवरचा, नेटवरचा पाठलागही येतो. लैंगिक छळाचं कलम 75 वेगळं आहेच. पोलिसांकडे जायचं की समितीकडे, की दोन्हीकडे, हे तू ठरव.

चॅट डिलीट करू नकोस. स्क्रीनशॉट कापून-छाटून ठेवू नकोस, नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. फोन बदलायचा असेल तर आधी बॅकअप. आणि त्या दिवशीचा कॉल शीटचा (कुणी कामाला यायचं त्या यादीचा) मेसेज जपून ठेव. रात्री दीडला ‘कॉल लावू की नको’ आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत तुझं नाव नाही, हे शेजारी शेजारी ठेवलं की समितीला फार समजावून सांगावं लागत नाही.

तक्रार कुणाकडे द्यायची, इथे सगळे गडबडतात. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची असते. अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, एक सदस्य बाहेरचा. समितीचा आदेश कामाच्या जागी ठळकपणे लावायचा असतो. तुमच्या वाड्याच्या दारावर ‘मोबाइल सायलेंट ठेवा’ एवढंच लावलेलं असेल, याची मला खात्री आहे. समिती असते, पण अंधेरीच्या ऑफिसच्या भिंतीवर. वाड्याला कुणी कामाची जागा मानत नाही. कायदा मानतो. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा. रात्री पॅक-अपनंतर तुम्हाला एसटी स्टँडला सोडणारी ट्रॅव्हलरही त्यात आली.

केरळ उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये सिनेमाचं युनिट हीच आस्थापना आहे आणि तिथे समिती हवी, असं सांगितलं. निकाल केरळचा असला तरी कायदा देशभर एकच आहे. समिती नसेल, किंवा तक्रार थेट निर्मात्याविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. साताऱ्यात जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी कर. ‘आमच्याकडे असं काही नसतं’ असं ऐकायला मिळालं तर शांतपणे सांग की डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच या समित्या नेमायला मुदत घालून दिली होती. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार जाते.

‘तू आमची स्टाफच नाहीस, तुला कोऑर्डिनेटरने आणलंय.’ हे वाक्य तुला ऐकायला मिळणार, आजच लिहून ठेव. माझ्या मते सेटवरच्या सगळ्या भेदभावाचं बिळ इथेच आहे. मुंबईच्या मुलीचा करार असतो, असोसिएशनचं कार्ड असतं. तू कुणाची? वाहिनी म्हणते आम्ही प्रॉडक्शन हाउसला काम दिलं. प्रॉडक्शन हाउस म्हणतं आम्ही लोकल कोऑर्डिनेटरला दिलं. कोऑर्डिनेटर म्हणतो, ‘मी तर ओळखीवर लावली ओ तिला.’ तू कुणाचीच नसलीस की तुझं बाथरूम कुणाच्या बजेटात नाही, तुझा उशीर कुणाच्या वहीत नाही आणि तुझी तक्रार कुणाच्या टेबलावर नाही.

लैंगिक छळाच्या कायद्यापुरतं तरी हे बीळ बुजवलंय. रोजंदारीवरची, हंगामी, कंत्राटदारामार्फत आलेली, मूळ मालकाला माहीत असो वा नसो, पैसे घेत असो वा शिकाऊ म्हणून फुकट असो, ती कर्मचारीच.

बाकीच्या गोष्टींसाठी मात्र तू कुणाची हे तुलाच दाखवावं लागेल. कॉल शीटवर नाव, व्हॉट्सॲप ग्रुपवर तुला दिलेली कामं, कॉस्च्युमच्या पेटीवर तुझ्या अक्षरातली कॉन्टिन्युइटीची (कोणत्या सीनला कोणते कपडे होते त्याची) चिठ्ठी, सगळं कामाला येतं. आणखी एक, जे पोरींना कुणी सांगत नाही: तुझ्या नावावर टीडीएस, म्हणजे पेमेंटमधूनच कर, कापला गेला असेल तर आयकराच्या साइटवर फॉर्म 26एएस उघडून बघ. कापणाऱ्याचं नाव त्यात असतं. तोंडाने ‘तू आमची नाहीस’ म्हणणाऱ्या कंपनीचं नाव तिथे ठळक छापलेलं मी पाहिलंय. पैसे कोऑर्डिनेटरच्या स्वतःच्या यूपीआयवरून येत असतील तर तेही नोंदवून ठेव. मधल्या मध्ये किती गळतं ते तिथे कळतं.

सप्टेंबर 2020 मध्ये साताऱ्याजवळच्या एका सेटवर करोना पसरला आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचं इथेच साताऱ्यात निधन झालं, ते तुला आठवत असेल. त्या काळात गेटवर ताप मोजून प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर वहीत लिहायचे. गर्दीत उभ्या राहणाऱ्या आमच्या बायाबापड्यांची नावं सेटच्या कागदावर पहिल्यांदा मी तेव्हाच पाहिली. साथ ओसरली, वही बंद झाली.

आता पैसे. इथे थोडं तुझ्या विरोधात बोलते. मुंबईच्या मुलीला जे दुप्पट दिसतं, त्यात बाहेरगावचा भत्ता असतो, राहण्याची सोय वेगळी. तू घरून येतेस, तुला तो भत्ता मिळणार नाही आणि त्यात अन्याय नाही. त्यामुळे ‘तिला इतके, मला इतके का’ असं विचारू नकोस. ‘भत्ता सोडून शिफ्टचा रेट किती, शिफ्ट आठ तासांची की बाराची, आणि वरच्या तासांचं काय’ असं विचार. भत्ता वजा केल्यावरही निम्मा फरक राहिला तर तो तू साताऱ्याची म्हणूनच आहे. स्त्री-पुरुषांना समान वेतन द्यायला कायदा आहे, सातारा-मुंबई समान वेतनाला तसा थेट कायदा नाही. किमान वेतनाचा आहे. आणि सिनेकामगारांशी लेखी करार केला पाहिजे ही अट 1981 पासूनची. 2020 च्या कामगार संहितेत ती दृकश्राव्य माध्यमातल्या कामगारांसाठी आली, म्हणजे मालिकावालेही सुटत नाहीत. करार माग. देणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी माग, व्हॉट्सॲपवर माग, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहतो.

थकबाकीचं. टीव्हीत पेमेंट नव्वद दिवसांनी, हे पाठच करून घेतलंय सगळ्यांनी. पण नव्वद दिवस कशापासून? शूटिंगच्या तारखेपासून, महिनाअखेरपासून, बिल दिल्यापासून की टेलिकास्टपासून? हे सुरुवातीलाच लिहून घेतलं नाही तर चार महिन्यांचे सहा होतात. दर महिन्याच्या शेवटी, कुणी मागो न मागो, दिवसांचा हिशेब आणि बिल ईमेलने पाठवत जा.

जेवण आणि बाथरूम या दोन गोष्टी लोक एका दमात बोलतात. माझ्या लेखी त्या सारख्या नाहीत.

जेवणाची तीन टेबलं लागतात हे खरंय. कलाकारांना फुलके आणि पनीर, युनिटला चपाती-भाजी-डाळ-भात, आणि गर्दीतल्या लोकांना पाकिटातला पुलाव, तोही भिंतीच्या सावलीला उकिडवं बसून. आणि ते जेवण बनवलेलं असतं बहुतेक वेळा त्याच गावातल्या बायकांनी! हे मला खटकतं, माझ्या युनिटमध्ये मी दोनच ठेवते. पण नायिकेला व्हॅनिटी आणि तुला वाड्याची माडी यावर भांडायला जाऊ नकोस, तिथे तुझ्या बाजूने कुणी उभं राहणार नाही.

बाथरूमसाठी भांड. केरळच्या चित्रपटसृष्टीबद्दल न्यायमूर्ती हेमा समितीने डिसेंबर 2019 मध्ये अहवाल दिला. तो लोकांपुढे यायला ऑगस्ट 2024 उजाडला. त्यात बायका सेटवर पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नसते, असं नोंदवलंय. कपडे बदलायला आडोसा नाही, तेही आहे. हा अहवाल मी वाचला तेव्हा मला केरळ दिसलंच नाही. धोमच्या काठावर भर मे महिन्यात नऊवारी नेसून सकाळपासून उभ्या राहिलेल्या, बाटलीला तोंड न लावणाऱ्या आमच्याकडच्या बायका दिसल्या. फिरतं शौचालय भाड्याने मिळतं, नाहीतर शेजारच्या दोन घरांशी रोजाने ठरवता येतं. जनरेटरच्या डिझेलपुढे तो खर्च किरकोळ आहे, हे मी बिलं बघून सांगते. ‘बजेट नाही’ म्हणाले तर समज, कुणी विचारलेलंच नाही. हे मागताना एकटी जाऊ नकोस. हेअरवाल्या ताई, ज्येष्ठ सहकलाकार, कुणीतरी बरोबर घे. एखादी आईची भूमिका करणारी बाई एकदा म्हणाली की दुसऱ्या दिवशी सोय होते, असा माझा अनुभव आहे.

बोलण्याच्या नकलेबद्दल तू शेवटी दोन ओळी लिहिल्यास, पण मला त्यावर जास्त बोलायचंय. मालिका साताऱ्याची, पात्रं साताऱ्याची, आणि आजीच्या तोंडी कोल्हापूरचं ‘काय करालाईस’. मध्ये मध्ये ‘लई’ आणि ‘रं’ पेरलं की झालं ग्रामीण! तू तोंड उघडलंस की मात्र मॉनिटरमागे हसू. आणि तेच लोक अडले की तुलाच हाक मारतात ना, ‘ए, हे तुमच्याकडे कसं बोलतात गं?’ त्या क्षणी तू कॉस्च्युम सोडून दुसरं काम करतेस आणि त्या कामाला पैसे असतात, श्रेयनामावलीत जागा असते. पुढच्या वेळी विचारलं की एपिसोड नंबर आणि दुरुस्त केलेली वाक्यं लिहून ठेव. पाचपंचवीस जमली की क्रिएटिव्ह टीमला पाठव आणि भाषा-साहाय्य म्हणून नाव माग. नक्कल बंद करण्याचा हा सगळ्यात सभ्य मार्ग मला माहीत आहे.

दिसण्याचंही तसंच. लग्नाच्या सीनला गर्दी लावताना एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, ओरडतो, ‘ती पिवळ्या साडीवाली मागे, ती गोरी पुढे घ्या.’ पिवळ्या साडीवाली गावच्या शाळेत शिक्षिका असते, हौसेने आलेली असते. सगळ्या गावासमोर ती उठून मागे जाते. आणि नायिका सावळी हवी असली की गोऱ्या मुलीला रंग फासतात. यावर कोणतं कलम लागत नाही. एडीच्या कानात जाऊन ‘रंगावरून नको, साडीवरून सांग’ एवढं मी म्हणते, आणि पोरं ऐकतात बऱ्याचदा.

आडनावाचं. आपल्याकडे आडनाव, गाव, पाहुणे विचारल्याशिवाय चहासुद्धा पुढे येत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रश्नामागे विष असतं असं मी म्हणणार नाही. विचारल्यानंतर काय बदललं ते बघ. एका वाड्याच्या मालकांनी मला करार करताना विचारलं होतं, ‘स्वयंपाकघरात कोण कोण शिरणार?’ मी करारातच एक ओळ घातली: शूटिंगच्या जागेत युनिटमधली कोणतीही व्यक्ती कामासाठी जाईल. त्यांनी दोन दिवस घेतले आणि सही केली. तुझ्या बाबतीत आडनाव कळल्यावर देवघरातल्या सीनचे कपडे, पूजेची साडी दुसरीकडे गेली असेल तर तारखेसह टिपून ठेव. नुसत्या कामाच्या वाटपावरून जातिभेद सिद्ध करणं अवघड जातं, खोटा दिलासा देत नाही. पण तू अनुसूचित जाती-जमातीतली असशील आणि कुणी चारचौघांत जातीवरून बोललं, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि सेटवर चारचौघं कायम असतात. ती तक्रार समितीकडे नाही, सरळ पोलीस ठाण्यात. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

‘इंडस्ट्री अशीच असते’ याला माझं उत्तर एका निकालाचं आहे. मुंबईच्या मेकअपवाल्यांच्या संघटनेचा नियमच होता की बायकांनी केस करायचे, मेकअप पुरुषांनी. बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्डच नाही. चारु खुराना आणि इतर काही जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर 2014 मध्ये तो नियम रद्द झाला. त्याच निकालात महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य हवं ही अटही गेली. आज वाईच्या सेटवर मेकअपची पेटी घेऊन मुली येतात, त्यांना हे माहीतही नसतं. सांगलीला 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. तोही रिवाजच होता.

जाता जाता, गावातल्या पुढाऱ्याकडे हे घेऊन जाऊ नकोस. ‘लोकल पोरांवर अन्याय’ म्हणत तो जीप घेऊन सेटवर येईल, जनरेटरपुढे उभा राहील, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या भाच्याच्या तीन गाड्या कामाला लागलेल्या असतील. तुझं पेमेंट तिथेच राहील.

आता, काम जाईल का? जाऊ शकतं. तुला कुणी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणार नाही, फक्त कॉल लागणार नाही. चौकशी सुरू असताना समिती त्याची किंवा तुझी बदली, किंवा तुला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस करू शकते. तू लेखी मागितलंस तरच. मी तुझ्या जागी असते तर त्याला दुसऱ्या युनिटवर पाठवा असं मागितलं असतं, कारण रोजंदारीवाल्याला रजेचा उपयोग काय? आणि प्रॉडक्शन हाउसला तक्रार देताना वाहिनीच्या समितीलाही प्रत पाठव. वाहिनीशी नातं बिघडण्याची भीती निर्मात्याला कायद्यापेक्षा जास्त असते. मुंबईहून दोन दिवसांत फोन येतो. त्या फोनवर ‘बसून मिटवू’ म्हणतील. समझोता तू मागितलास तरच होतो, आणि पैसे घेऊन तो करता येत नाही.

घरी कळण्याचं. तक्रारदाराचं नाव, पत्ता, चौकशीतला मजकूर बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे, आणि समिती घरी पत्र धाडून कुणाला कळवत नाही. मात्र एक बारीक गोष्ट आहे. तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात आणि त्यातली एक कामकाजाच्या सात दिवसांत त्याच्या हातात जाते. म्हणून मुख्य अर्जात तुझा ईमेल आणि फोन एवढंच लिही. कोरेगावचा पत्ता समितीला वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात दे, आणि तो कागद प्रतींना जोडायचा नाही असं पाकिटावर लिहून त्याची पोच घे.